वाढत्या अंगाची सायकल

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार

आज लॅबमध्ये खंडेनवमी झाली. मशीनला झेंडूची माळ, त्याच्या जबड्यांना हळदकुंकू, समोर पेढे. हेच मशीन वर्षभर लोखंड, पितळ, अ‍ॅल्युमिनियम ओढून ओढून तोडतं. मरोळच्या एमआयडीसीतली आमची लॅब एवढंच काम करते: कारखानेवाले तुकडे पाठवतात, आम्ही ते तोडतो आणि किती जोराला तुटले ते लिहून देतो. एकोणीस वर्षं मी हेच करतोय. पूजेनंतर एका सप्लायरने ही डायरी हातात ठेवली. ऑक्टोबरात डायरी देतो म्हणजे उरलेली असणार. म्हटलं, चालेल. एक निर्णय घ्यायचा आहे आणि घरात विषय काढला की बायको, सुगंधा, तोंड फिरवते, तेव्हा इथेच लिहावं.

ऋताला माउंटन बाईक हवी आहे. माझी मुलगी सातवीत आहे, बारावं वर्ष संपत आलंय. गावठाणातला ब्रायन दर रविवारी आठ-दहा पोरांना घेऊन आरेच्या कच्च्या वाटांवर सायकली चालवायला नेतो. ऋता त्यात वर्षभर जातेय. ब्रायन आपल्या दुकानातली एक छोटी अ‍ॅल्युमिनियमची सायकल तिला चालवायला देतो. आता तिला स्वतःची हवी. या मुलीने आजवर कशाचा म्हणून हट्ट धरलेला नाही, त्यामुळे घ्यायची हे नक्की. फ्रेम कशाची घ्यायची, पोलादाची, अ‍ॅल्युमिनियमची की कार्बनची, एवढाच प्रश्न आहे. आणि या प्रश्नावर मुंबईत माझ्याइतका अधिकार फार थोड्यांना असेल. स्वतःची टिमकी वाजवत नाही, खरं ते लिहितोय.

सकाळी सातला तिची उंची घेतली. महिन्याच्या एक तारखेला घेतो, आणि सकाळीच, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर दबतो. १३८.२. गेल्या महिन्यात १३८.२. त्याच्या आधी १३८.१. पावसाळ्यात मुलं कमी वाढतात असं कुठेतरी वाचलंय.

५ ऑक्टोबर, रविवार

ऋताला घेऊन ब्रायनकडे गेलो. घराच्या ओट्यावरच त्याचं दुकान आहे. भिंतीवर क्रूस, शेजारी खिळ्याला टायर. तरुणपणी तो शर्यती मारायचा, गुडघा गेल्यावर हे सुरू केलं. माणूस सरळ आहे, पण त्याला धातूतलं काही कळत नाही.

मी पोलादाबद्दल विचारायला लागलो तर म्हणतो, "मेस्त्री, फ्रेम कशाची ते मागाहून बघू रे. आधी माप. हिला तेरा इंची लागते. ही चालवते ना, ती तेराचीच आहे. हलकी आहे, झकास आहे, तीच घेऊन जा."

"वाढत्या अंगाची मुलगी आहे," मी म्हटलं. "दोन वर्षांनी तेरा इंचीचं काय करू? माळ्यावर टाकू?"

ब्रायनने ऋताकडे पाहिलं. ऋता सायकलच्या चेनकडे बघत होती.

आमच्या आईने आम्हा तिघा भावंडांना कधी मापाचा कपडा घेतला नाही. गणवेश दुमडून शिवायचा आणि दरवर्षी एकेक दुमड उसवायची. चपलेत कापूस घालायचा. वाढत्या अंगाचं घ्यावं, ही काही कंजुषी नव्हती. पोर वाढणार यावर आईबापांचा भरवसा होता. मी स्वतः मालवणात वडिलांच्या चोवीस इंची सायकलवर, दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत शिकलो. पडलो, उठलो, काही बिघडलं नाही.

निघताना ब्रायनने कोपऱ्यातली एक तुटकी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम मला दिली. शंभर किलोचा एक गडी तिच्यावरून उड्या मारायचा. पुढची नळी सांध्याजवळ तुटलीय. उद्या कापून बघतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सुगंधा पार्ल्याला एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. तिथल्याच ओळखीने तिने ऋताला एका मोठ्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं होतं. मला सांगून नेलं, पण मला सुट्टी नव्हती. त्यांनी डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढला. त्यावरून हाडांचं वय कळतं म्हणे. आज सुगंधाने रिपोर्ट चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि उभीच राहिली.

हाडांचं वय साडेचौदा. यापुढे वाढ फार तर एखादा सेंटिमीटर.

ऋता चौथीत असतानाच तिची पाळी सुरू झाली. मला सुगंधाने दोन महिन्यांनी सांगितलं. तेव्हा ती वर्गातली सगळ्यात उंच मुलगी होती, फोटोत मागच्या रांगेत मधोमध. बाईंचं म्हणणं असं की ज्या मुली लवकर वाढतात त्या लवकर थांबतात. मी म्हटलं, एक एक्स-रे, एक वाचणारी बाई, एवढ्यावर कोणी निकाल देतं का? सुगंधा म्हणाली, "निकाल नाही हो हा. पोरगी आहे." आणि आत गेली.

दुपारी लॅबमध्ये भिवंडीचा एक कारखानदार भांडायला आला. त्याचे बोल्ट नापास झालेत, पुन्हा तपासा म्हणे. त्याला चांगलंच सुनावलं. "साहेब, दहा वेळा तोडले तरी माल तोच आहे. मशीनला तुमची दया येत नाही." हे लोक रिपोर्ट घ्यायला येतच नाहीत, मनासारखा आकडा घ्यायला येतात. कीव येते.

संध्याकाळी घाटकोपरच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. ते पुन्हा एक्स-रे काढतील.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

घाटकोपरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. दोघं एकाच पुस्तकातून शिकलेले असणार.

ब्रायनची फ्रेम आज कापली. तुटलेल्या जागी भिंगातून बघितलं, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा एकामागून एक रेघा. एका दणक्याने तुटलेलं नाही हे. अ‍ॅल्युमिनियमचं हेच असतं, प्रत्येक धक्का ते मोजून ठेवतं. बाहेरून रंग झकास, आत चीर रोज केसाएवढी पुढे सरकते. मग एक दिवस काही न सांगता जातं. कार्बनचं तर नावच नको, आतून गेलेलं बाहेरून दिसतच नाही. पोलाद मात्र इमानी आहे. झेपेल एवढं किती वेळा दिलं तरी विसरून जातं, आणि तुटायच्या आधी वाकतं. वाकलेलं माणसाला दिसतं. सावध व्हायला वेळ मिळतो.

माझ्या मुलीखाली मला असंच काहीतरी हवंय, जे आधी सांगेल.

ब्रायनला फोन केला. म्हणाला, "तिचं वजन किती? छत्तीस? मेस्त्री, छत्तीस किलोला अ‍ॅल्युमिनियम पण पुरतं नि बांबू पण पुरेल. पोलादाची सायकल चौदा-पंधरा किलो जाईल, ती चढावर ढकलणार कशी?" उचलली जीभ लावली टाळ्याला. ढकलत नाहीत, चालवतात.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

सायकल आणली! क्रोमोली पोलाद, सतरा इंची, गडद हिरवी. ब्रायनने मागवून जोडून दिली, पण सगळा वेळ तोंड पाडून. "मी सांगून ठेवतोय, ही हिच्या मापाची नाही," दोन वेळा म्हणाला. सीट अगदी खालपर्यंत उतरवली, हँडल जवळ आणलं. मी गल्लीत एक चक्कर मारून बघितली. पंचवीस-तीस वर्षांनी सायकलवर बसलो असेन. काय चालते! पाणी जसं.

सुगंधाने ओवाळलं, ऋतालाही आणि सायकललाही. मग हळूच म्हणाली, "अंगापेक्षा बोंगा मोठा." मी दुर्लक्ष केलं, सणाच्या दिवशी कुठे तोंडाला लागायचं. ऋता सायकलच्या बाजूला उभी राहिली, फोटो काढला. दांडी तिच्या छातीखाली येते. म्हणाली, "थँक यू पप्पा, खूप भारी आहे." आणि दांडीवरून हात फिरवत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून सगळ्या खटपटीचं चीज झालं.

दहा वर्षं तरी ही फ्रेम हलणार नाही. कॉलेजला जाईल तेव्हाही हीच.

१ नोव्हेंबर, शनिवार

१३८.३.

पॉइंट एक. टेपची चूक अर्धा मिलिमीटर धरली तरी वाढ ती वाढच. दारात लोखंडी बार बसवून तिला रोज दोन मिनिटं लटकायला लावलंय, त्याचा गुण असणार. बिचारी न कुरकुरता लटकते, हातांना घट्टे पडलेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

ऋता सकाळी सहाला सायकल घेऊन जाते, दहापर्यंत परत येते. चेहरा लाल, केसांत गवत, आणि भूक अशी की सहा घावणे खाल्ले. सायकल मात्र चकचकीत. टायरला मातीचा कण नाही. म्हटलं, पुसून आणतेस का? "हो," म्हणाली आणि चटणी वाढून घेतली. वस्तूची एवढी निगा राखणारं पोर आजकाल कुठे दिसतं? सुगंधाला कौतुकाने सांगितलं तर ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

आज जुने कागद आवरताना पोलीस भरतीचं माझं ओळखपत्र सापडलं. २००३. लेखीची तयारी पक्की होती, पळण्यात दुसरा आलो असतो. पण आधी उंची. एकशे पासष्ट लागते, मी भरलो एकशे साडेचौसष्ट. मोजणाऱ्या हवालदाराने मान वर करूनही पाहिलं नाही, म्हणाला, "बाजूला." मी म्हटलं, साहेब, पुन्हा एकदा मोजा. मागची पोरं हसली. वडिलांना, अण्णांना, सांगायला दोन दिवस धीर झाला नाही. आता हसू येतं.

कागद फाडून टाकणार होतो, पण परत फाइलमध्ये ठेवला.

१ डिसेंबर, सोमवार

१३९.१!

आठ मिलिमीटर एका महिन्यात! मी दोनदा टेप लावली. पार्ल्याच्या बाई, घाटकोपरचे डॉक्टर, दोघांनाही फोन करून सांगावंसं वाटलं. ऋताने आज मोजे घातले होते, थंडी वाजतेय म्हणाली. हवेत तसा गारवा आहे खरा. मोज्याची जाडी एक मिलिमीटर धरून वजा केली तरी १३९ भक्कम. मी तिला उचलूनच घेतलं. हसली. मग म्हणाली, "पप्पा, उतरवा ना, शाळेची वेळ झाली."

सुगंधाला हाक मारून आकडा सांगितला. ती कणीक मळत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी तिलाही पटलं म्हणायचं.

येताना पेढे आणले. लॅबमध्येही वाटले. कशाचे ते नाही सांगितलं.

१३ डिसेंबर, शनिवार

सुगंधाशी वाजलं. सुरुवात मीच केली. ऋताने बारला लटकायचं चार दिवस सोडलं होतं, मी तिला ओरडलो. सुगंधाने ऋताला दुकानात पिटाळलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. चिडली की ती मालवणीवर येते.

"तुमका दिसणा नाय काय ता पोर? दोन डॉक्टर झाले. किती दिवस लटकवून ठेवतलात तिका?"

मी म्हटलं, आता तर ती वाढायला लागलीय, आकडा माझ्याकडे आहे.

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग अगदी हळू, शुद्ध मराठीत म्हणाली, "तुमचं राहिलेलं अर्धं सेंटिमीटर तिच्याकडून काढू नका."

तिला तो कागद सापडला असणार. फार लागलं मला. बापाला मुलीचं चांगलं हवं असतं, त्यात कसला आलाय जुना हिशेब? आज दिवसभर बोललो नाही. ऋता कोथिंबीर घेऊन आली आणि न सांगता बारला लटकली. मी उतर म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं का? लिहिताना वाटतंय, हवं होतं.

२० डिसेंबर, शनिवार

ठरवलं, उद्या आरेला जायचं. दोन महिने होत आले, मी तिला त्या सायकलवर डोंगरात एकदाही पाहिलेलं नाही. जेवताना सांगितलं, "उद्या मी येतो तुला बघायला." ऋताचा घास हातातच राहिला. म्हणाली, "कशाला पप्पा, तुमचा रविवार जाईल." म्हटलं, जाऊ दे गेला तर. मोठी होतेय, लाजत असेल.

२१ डिसेंबर, रविवार

फ्रेमला काही झालेलं नाही. सांधे सगळे पाहिले, कुठे केसाएवढीही चीर नाही, नळ्या सरळ आहेत. पोलाद निवडलं ते योग्यच झालं.

ऋताचा डावा हात मोडला.

आता नीट लिहितो. आम्ही साडेसहाला पोहोचलो. ब्रायन त्याची छोटी तेरा इंची घेऊन उभा होता, जसा काही तिचीच वाट बघत. मला बघून त्याने ती मागे घेतली. "मेस्त्री, ही मोठी आज नको," म्हणाला. "खाली उतार आहे, दगड सुटलेत." ऋता म्हणाली, "सर, मी करते." तिचा आवाज मला वेगळा वाटला होता. वाटला होता, हे मी लिहून ठेवतो.

चढ तिने अर्धा चालवला, अर्धा ढकलला. उतारावर सुरुवातीला छान आली, मी मोबाइल धरून उभा होतो. मधेच पुढचा मुलगा थांबला. हिने ब्रेक दाबला, सायकल थांबली आणि हिने पाय खाली सोडला. तो जमिनीला पोहोचला नाही. एवढंच. सायकल जिकडे कलली तिकडे ती गेली, हातावर, आणि पंधरा किलो पोलाद तिच्यावर. ब्रायन ओरडत पळाला. मी पळालो तेव्हा आधी तिच्या अंगावरची सायकल उचलली आणि, देवा, मी हँडल सरळ आहे का ते बघितलं. क्षणभर. पण बघितलं. ती जमिनीवरून माझ्याकडे बघत होती आणि म्हणत होती, "सायकलला काही झालं का पप्पा?"

हॉस्पिटलात कच्चं प्लास्टर घातलंय. उद्या हाडांचे डॉक्टर बघतील.

२२ डिसेंबर, सोमवार

डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. एक्स-रे दिव्यावर लावला. एकोणीस वर्षं मी तुटलेल्या वस्तू बघतोय, तरी त्या काचेसमोर यायला डॉक्टरांना मला दोनदा बोलवावं लागलं.

"हे बघा," ते म्हणाले, "लहान मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं असतं. वाकतं, एका बाजूने चिरतं. हे तसं नाही, मोठ्या माणसाचं मोडतं तसं आरपार मोडलंय." मग त्यांनी पेनने मनगटाजवळची जागा दाखवली. "इथे मुलांमध्ये वाढीची पट्टी असते, काळी रेघ दिसते. तिथे मार लागला तर हात आखूड राहायची भीती. हिची जवळजवळ भरून आलीय. तेव्हा तुम्ही ती काळजी सोडा. वाढीला काही धोका नाही, वाढ झालेलीच आहे."

बाप घाबरलाय म्हणून धीर द्यायला बोलले ते. मी खूप वेळ त्या जागेकडे बघत होतो. रेघ नव्हती. मला वाचता येतं. तिसऱ्या माणसाने न विचारता सांगितलं आणि या वेळी भरून आलेली पट्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

सुगंधा ऋताची चप्पल हातात घेऊन बाकावर बसली होती. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ब्रायन आला. दारातच म्हणाला, "चूक माझी पण आहे. दोन महिने ती तुझी सायकल माझ्या ओट्यावर ठेवायची नि माझी छोटी चालवायची. मी म्हटलं, बापाला सांग. ती म्हणाली, सर, थोडे दिवस. मी गप्प बसलो." मला त्याच्यावर चिडायचं होतं. जमलं नाही. टायर स्वच्छ होते, आणि मी तिला शाबासकी दिली होती.

२८ डिसेंबर, रविवार

पाच दिवस शब्द जुळवत होतो, शेवटी तिनेच सुरुवात केली. सुगंधा बाजारात गेली होती. ऋता प्लास्टरच्या हाताखाली उशी घेऊन बसली होती. म्हणाली, "पप्पा, त्या एक तारखेला मी चीटिंग केलं होतं."

"कसलं?"

"मोज्यात पुठ्ठा घातला होता. वहीच्या कव्हरचा. एकेका पायात चार-चार."

मी विचारलं, का गं?

"तुम्ही आकडा बघता आणि काही बोलत नाही. मग बाथरूममध्ये जाता आणि खूप वेळ बाहेर येत नाही. दर महिन्याला. मला वाटलं, एकदा तरी…" तिने वाक्य सोडून दिलं.

मग म्हणाली, "मला माहितीये मी एवढीच राहणार. पार्ल्याहून येताना मम्मीने रिक्षात सांगितलं होतं. मी थोडी रडले, मग ठीक झालं. आमच्या पीटीच्या मॅडम पण एवढ्याच आहेत. मला फक्त तुम्हाला कसं सांगायचं ते कळत नव्हतं."

बारा वर्षांची मुलगी दोन महिने बापाला सांभाळत होती. न पेलणारी सायकल गावठाणापर्यंत ढकलत नेत होती आणि ढकलत आणत होती, दर रविवारी, मला बरं वाटावं म्हणून. आणि मी तिला सांभाळतोय या भ्रमात पोलादाचे गुण लिहीत बसलो होतो. मला तिची लाज कधीच वाटली नाही, देवाशपथ नाही. भीती वाटत होती. कोणीतरी मान वर न करता तिला "बाजूला" म्हणेल याची. ते मी तिला सांगितलं, भरतीचं सगळं सांगितलं. पोरं हसली तेही.

तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"घरी आलो."

"आणि मग?"

"मग लॅबमध्ये लागलो. मग तू झालीस."

"मग ठीक झालं ना," ती म्हणाली.

मी तिच्या प्लास्टरवर डोकं टेकलं आणि रडलो. ती दुसऱ्या हाताने माझ्या पाठीवर थापटत होती, सुगंधा थापटते अगदी तसं.

४ जानेवारी २०२६, रविवार

डायरी संपली. मागे टिपांसाठी कोरी पानं आहेत, त्यावर लिहितोय.

एक तारखेला सकाळी सातला मी जागा होतो, टेप काढली नाही. दारातला बार काल उतरवला. भिंतीला भोकं राहिलीत, सुगंधा म्हणते रंग देताना बुजवू.

आज ऋताला घेऊन ब्रायनकडे गेलो. ती छोटी तेरा इंची मला दे म्हटलं. ब्रायनने मान हलवली. "गेली रे. नाताळाला एका पोरीने नेली. सायकल किती दिवस ठेवून घेणार?" ऋताचा चेहरा उतरला आणि तो माझ्यामुळे उतरला. दुसरी मागवली तर फेब्रुवारीअखेर येईल म्हणाला. तोवर प्लास्टरही निघेल.

"कशाची मागवू?" त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, "हिला विचार."

"हलकी पाहिजे," ऋता म्हणाली. "मला एकटीला जिन्यावरून उचलता आली पाहिजे. आणि थांबले की दोन्ही पाय खाली लागले पाहिजेत." ब्रायनने कागदावर लिहून घेतलं, तेरा इंची, अ‍ॅल्युमिनियम. माझ्या तोंडाशी धातूचा थकवा, चीर, रेघा, सगळं आलं होतं. मी गिळलं.

हिरवी सायकल मी परत द्यायला नेली होती. ब्रायनने ती ओट्यावर घेतलीच नाही. पाना काढला, सीट चार बोटं वर केली आणि म्हणाला, "बस."

"मी?"

"बस रे. तुझ्याच मापाची आहे ती. पहिल्या दिवसापासून दिसतंय मला. तू आकडा सांगितलास सतरा, मी म्हटलं, हा मुलीची सायकल घेतोय की स्वतःची?"

बसलो. दोन्ही पाय जमिनीला टेकले. गुडघा, हात, पाठ, सगळं जिथल्या तिथे. तराजूने तोलावं तसं. इतकी मापं घेणारा मी, आणि तिच्यासाठी म्हणून स्वतःच्या अंगाची वस्तू घेऊन आलो होतो. ओट्याच्या पायरीवर बसून ऋता माझे पाय बघत होती. मला वाटलं आता ही हसेल, आणि हसली असती तर हक्क होता तिचा. ती हसली नाही.

"ठेवा पप्पा," ती म्हणाली. "माझी आली की आपण दोघं जाऊ. मी पुढे, तुम्ही मागे."

"त्या उतारावर मी पडलो तर?"

तिने थोडा विचार केला.

"मी थांबेन," ती म्हणाली. "सायकल नंतर बघू."